चाळीस मायक्रॉनचा प्रश्न : गाडीच्या रंगावरचे ओरखडे आणि वऱ्हाडातला कारागीर

मोटारगाडीच्या रंगावरचा बारीक ओरखडा भरला जात नाही. त्याच्या भोवतीचा रंग ओरखड्याच्या तळाइतका खाली घासून आणला, की तो दिसेनासा होतो. या कामाला बाजारात रबिंग, पॉलिश, बफिंग किंवा अलीकडे डिटेलिंग अशी अनेक नावे आहेत, परंतु या सर्वांच्या मुळाशी झीज हीच एक क्रिया आहे. आपण चकाकी विकत घेतो असे गाडीच्या मालकाला वाटत असते. प्रत्यक्षात तो आपल्या गाडीच्या रंगाचा एक अंश कायमचा काढून टाकण्याची परवानगी कारागिराला देत असतो. ही परवानगी कोणाला द्यावी, कोणत्या अटींवर द्यावी आणि केव्हा देऊच नये, हा प्रश्न म्हणूनच वाटतो त्याहून गंभीर आहे, आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर गाड्या चमकवून घेण्याची लगबग सुरू होते तेव्हा त्याचा विचार सर्वांत कमी होतो.

अमरावती जिल्ह्याच्या पूर्व भागात, वर्धा नदीच्या अलीकडे, मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर वसलेले धामणगाव रेल्वे हे कापसाच्या आणि सोयाबीनच्या बाजारपेठेचे, तालुक्याचे गाव आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि या तालुक्यातून जाणाऱ्या त्या रस्त्याने नागपूर एकदम जवळ आले. पूर्वी अमरावतीपलीकडे सहसा न जाणाऱ्या गाड्या आता ताशी १२० किलोमीटरच्या वेगमर्यादेत धावतात, रात्रीच्या प्रवासात बोनेटवर आणि बंपरवर किड्यांचा थर घेऊन परततात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाड्या शेताच्या पांदण रस्त्यात शिरतात. महामार्ग आणि पांदण या दोन्हींचा मार सोसणाऱ्या गाडीचा रंग शहरातल्या गाडीपेक्षा वेगळ्या रीतीने खराब होतो, आणि म्हणून त्याची दुरुस्तीही शहरातल्या पद्धतीने होऊ शकत नाही.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. सर्वांत खाली, पत्रा गंजू नये म्हणून विजेच्या प्रवाहाच्या साहाय्याने चढवलेला विद्युत्-लेप असतो. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा प्रायमर. त्यावर गाडीला तिचा रंग देणारा पातळ रंगथर, ज्याला बेसकोट म्हणतात. आणि सर्वांवर पारदर्शक थर, अर्थात क्लियरकोट. हे सगळे मिळून जाडी भरते सुमारे १०० ते १४० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर ऊन, पाऊस, धूळ, चिखल या सर्वांपासून गाडीचे रक्षण करणारा हा चार थरांचा पडदा फार तर दोन केसांइतका जाड असतो. त्यातला पारदर्शक थर एकटा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. बारीक ओरखडे याच थरात असतात, आणि पॉलिश करताना जे काही झिजते ते याच थरातून झिजते. या थरात उन्हातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तो फार पातळ झाला की खालचा रंग उन्हाला उघडा पडतो, आणि काही वर्षांनी छपरावर व बोनेटवर पांढुरके चट्टे पडून पापुद्रे सुटू लागतात. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि गाड्या बहुधा उघड्यावर उभ्या असतात, त्या प्रदेशात हे पापुद्रे लवकर सुटतात. पापुद्रे सुटलेला रंग कोणत्याही पॉलिशने परत येत नाही.

रबिंगची सवय आपल्याकडे आली ती मात्र या रचनेच्या आधीच्या काळातून. १९२०च्या दशकात अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने जनरल मोटर्ससाठी ‘ड्युको’ नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला. त्यापूर्वी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत, ते काम या रंगाने तासांवर आणले. भारतातील जुन्या पेंटरांच्या तोंडी ड्युको हा शब्द आजही आहे, मग प्रत्यक्षात रंग कोणताही असो. उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधील पद्मिनी या गाड्यांच्या काळात रंग आणि चमक एकाच थरात असत, वर वेगळा पारदर्शक थर नसे. असा रंग काही वर्षांत उन्हाने निस्तेज होई, त्याच्या पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येई, आणि कंपाऊंड लावून कापडाने जोर देऊन घासले, की मेलेला थर निघून खालचा ताजा रंग वर येई. कापडावर गाडीचा रंग उतरत असे आणि तो उतरणे हीच काम नीट झाल्याची खूण मानली जाई. त्या काळाच्या दृष्टीने ही रीत बरोबर होती, आणि तिच्यात तरबेज झालेल्या कारागिरांचे हात खरोखर कसबी होते.

१९८०च्या दशकापासून जगभरच्या कारखान्यांत बेसकोट आणि क्लियरकोट अशी दोन थरांची पद्धत रूढ होत गेली आणि पुढे भारतीय गाड्यांवरही तीच आली. रंगाची रचना बदलली, पण गुरूकडून शिष्याकडे गेलेली हाताची सवय बदलायला वेळ लागतो. क्लियरकोट घासला तर कापडावर रंग उतरत नाही, पांढुरका लगदा तेवढा येतो. त्यामुळे आपण किती काढले याची जुनी खूण कारागिराच्या हातातून निसटली, आणि तिच्या जागी मोजमाप आले नाही. पुष्कळ ठिकाणी दरवर्षी दिवाळीला रबिंग करून घेण्याची प्रथा आजही चालू आहे. खरखरीत कंपाऊंडचा एक पूर्ण हात काही मायक्रॉन घेऊन जातो. ४० मायक्रॉनच्या थरातून असे किती हात देता येतील याचा हिशेब कोणीही करू शकेल. दोष त्या कारागिरांच्या हेतूचा नाही. त्यांना नवे ज्ञान आणि नवी साधने कोणी पोहोचवली नाहीत, हे या क्षेत्राचे खरे दुखणे आहे.

ओरखडे पडतात कसे हे समजल्याशिवाय ते काढणाऱ्याची परीक्षा करता येत नाही. वऱ्हाडची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यातील चिकणमाती स्वतः मऊ असते. परंतु रस्त्यावरच्या धुळीत नुसती चिकणमाती नसते, गिट्टीची आणि मुरमाची भुकटी असते, वाळूचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा ज्या मोह्झ मापाने मोजतात, त्यावर बेसाल्टमधील फेल्डस्पार सुमारे ६ आणि वाळूतील क्वार्ट्‌झ ७ भरते, म्हणजे नेहमीच्या काचेपेक्षाही जास्त. या कणांपुढे क्लियरकोट फारच मऊ आहे. सकाळी गाडी काढण्यापूर्वी कोरडे फडके घेऊन बोनेट झटकण्याची जी घरोघरची सवय आहे, ती स्वच्छतेच्या हेतूने केलेली असली तरी प्रत्यक्षात या कठीण कणांनी रंग घासणे होय, आणि धामणगावातल्या बहुतेक गाड्यांवरचे बारीक ओरखडे रस्त्यावर पडण्याऐवजी अंगणातच पडतात असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. उरलेले पडतात ते पांदणीत दोन्ही बाजूंनी घासणाऱ्या वेड्या बाभळीच्या फांद्यांनी, धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटी-तुराटीच्या टोकांनी, आणि वॉशिंग सेंटरमध्ये एकाच बादलीत बुडवून गाडीमागून गाडीवर फिरणाऱ्या स्पंजाने. जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, दर्यापूर-भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात, आणखी एक भर पडते: क्षारयुक्त पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली, की पाण्याच्या थेंबांचे गोल डाग रंगात उतरतात आणि ते ओरखड्यांसारखेच हट्टी असतात.

उन्हात किंवा रस्त्याच्या दिव्याखाली गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात, त्यांमुळे ओरखडे गोल आहेत असा समज होतो. वास्तविक ते सर्व दिशांना आडवेतिडवे पसरलेले असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या ओरखड्यांची दिशा अशी असते की त्यांवरून परतलेला प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो, तेवढेच दिसतात आणि त्यांचे वर्तुळ भासते. दिवा हलवला की वर्तुळही हलते. यातून व्यवहाराला उपयोगी पडणारी गोष्ट निघते ती अशी, की ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात गाडी पाहून ओरखड्यांचा अंदाज घेणारा किंवा झालेले काम दाखवणारा कारागीर अपुरे पाहत असतो. एकाच बिंदूतून येणारा तीव्र प्रकाश, मग तो तपासणीचा दिवा असो वा मोबाइलची बॅटरी, वेगवेगळ्या कोनांतून टाकल्याशिवाय रंगाची खरी अवस्था कळत नाही.

गाडी कोणाकडे न्यायची हे ठरवण्याआधी मालकाने घरीच दोन परीक्षा कराव्यात. स्वच्छ धुतलेल्या भागावर पाणी टाकावे. ओले असताना ओरखडा नाहीसा झाला तर तो बहुधा पारदर्शक थरातच आहे, कारण पाणी त्या खाचेत भरून प्रकाशाचे विखुरणे कमी करते. नंतर नख हलकेच आडवे फिरवावे. नख अडकले तर ओरखडा पॉलिशने सुरक्षितपणे निघण्याइतका उथळ नाही. तळाशी राखाडी प्रायमर किंवा चकचकीत पत्रा दिसत असेल तर तो विषय पॉलिशचा राहिलाच नाही, तेथे टचअप किंवा त्या भागाचा नवा रंग लागेल, आणि पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्यापूर्वी लागेल.

धामणगावच्या गाडीमालकापुढे सामान्यतः चार दारे असतात: गावातले डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज, गावातलेच वॉशिंग सेंटर, अमरावतीतील कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र, आणि अमरावती किंवा नागपूर येथील डिटेलिंगची दुकाने. यांपैकी कोणतेही दार स्वभावतः चांगले वा वाईट नाही. अधिकृत केंद्रात बिल आणि जबाबदारी पक्की असते, परंतु पॉलिशचे काम बहुधा ठरलेल्या पॅकेजमध्ये, ठरलेल्या वेळात उरकायचे असते. मोठ्या शहरातल्या दुकानात दिवे आणि यंत्रे असतात, पण त्यांचा भर अनेकदा महागडे कोटिंग विकण्यावर असतो. गावातल्या पेंटरचा हात आणि नजर रंग जुळवण्यात पुष्कळदा या दोघांपेक्षा सरस असते, आणि काम बिघडले तर तो उद्या बाजारात भेटणार असतो, ही हमीही लहान नाही. म्हणून दार पाहण्यापेक्षा माणूस पाहणे अधिक योग्य, आणि माणूस ओळखण्याच्या खुणा आहेत.

पहिली खूण मोजमापाची. पेंट गेज हे तळहातावर मावणारे यंत्र रंगाच्या थरांची एकूण जाडी मायक्रॉनमध्ये दाखवते. ते चुंबकीय किंवा विद्युत् तत्त्वावर चालत असल्याने पत्र्यावरच उपयोगी पडते, प्लॅस्टिकच्या बंपरवर नाही. आणि ते पारदर्शक थर वेगळा मोजत नाही, एकूण आकडा देते. तरीही त्या आकड्यातून बरेच कळते. एखाद्या दरवाजावर २५० किंवा ३०० मायक्रॉन आले तर तो पूर्वी पुन्हा रंगवलेला आहे. आणखी बरेच जास्त आले तर खाली पुट्टी आहे. ८० किंवा त्याहून कमी आले तर कोणीतरी आधीच पुष्कळ घासले आहे आणि तेथे यंत्र न लावणेच बरे. जुनी गाडी विकत घेतलेल्यांसाठी तर ही माहिती केवळ पॉलिशपुरती महत्त्वाची नाही. ज्याच्याकडे गेज नाही तो कारागीर लगेच बाद ठरत नाही. परंतु त्याने निदान गाडी आधी कोठे रंगवली आहे काय, यापूर्वी रबिंग किती वेळा झाले, असे प्रश्न विचारले पाहिजेत. काहीही न विचारता ‘भाऊ, नवीसारखी करून देतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नये.

दुसरी खूण धीराची, आणि सर्वांत जास्त विश्वास हिच्यावर ठेवावा. जाणता कारागीर प्रथम गाडी भरपूर पाण्याने धुतो, रंगात रुतलेले धातूचे व डांबराचे कण मातीसारख्या लवचीक वडीने, म्हणजे क्ले बारने, ओलसरपणे काढतो, रबरी पट्ट्या आणि पत्र्याच्या धारा टेपने झाकतो, कारण धारेवर रंग सर्वांत पातळ असतो आणि तेथेच तो सर्वांत आधी जळतो. त्यानंतर तो एका वितीएवढ्या जागेवर सर्वांत सौम्य द्रव्य आणि सर्वांत मऊ पॅड लावून पाहतो. तेवढ्याने काम भागले तर तेथेच थांबतो, न भागले तर एक पायरी वर चढतो. ही चाचणी मालकाला दाखवून मगच पूर्ण गाडीचा दर ठरवावा. उलट क्रमाने, म्हणजे सर्वांत खरखरीत कंपाऊंडने सुरुवात करून, काम लवकर होते, आणि रंगही लवकर संपतो.

यंत्राबद्दलही विचारणे योग्य. रोटरी यंत्राचे पॅड एकाच केंद्राभोवती वेगाने फिरते. ते झपाट्याने कापते, पण एका जागी रेंगाळले तर उष्णतेने रंग जाळते, आणि शिकाऊ हातात धरले तर उन्हात दिसणारे लाटांसारखे नवे ओरखडे मागे ठेवते. दुहेरी हालचालीचे यंत्र फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे उष्णता एकवटत नाही. ते सावकाश कापते आणि म्हणून अधिक क्षमाशील असते. निष्णात हातात रोटरीही उत्तम काम देते. वऱ्हाडात या सर्वांपेक्षा महत्त्वाचा ठरतो तो काळवेळेचा प्रश्न: एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उघड्यावर उभ्या गाडीचे बोनेट हाताला चटका देते, अशा पत्र्यावर कंपाऊंड लावताच वाळते आणि वंगण संपलेले कण रंग ओरबाडतात. सावलीत, थंड पत्र्यावर, शक्यतो सकाळी काम करणारा कारागीर या एकाच गोष्टीने पुष्कळांच्या पुढे असतो. धूळ उडणाऱ्या रस्त्याला लागून उघड्यावर पॉलिश होत असेल तर यंत्र कितीही चांगले असले तरी पॅडखाली गिट्टीची भुकटी जाणारच.

तिसरी खूण प्रामाणिकपणाची. ज्या नियमाने पाणी टाकताच ओरखडा दिसेनासा होतो, त्याच नियमाने तेलकट किंवा मेणकट द्रव्य खाचेत भरले की तो काही दिवस लपतो. ग्लेझ नावाने मिळणारी द्रव्ये असेच भरण करतात. काही स्वस्त पॉलिशांतही ती मिसळलेली असतात. गाडी ताब्यात घेताना चकाकते आणि काही धुण्यांनंतर सारे ओरखडे परत दिसू लागतात, त्याचे कारण हेच. यावर उपाय सोपा आहे: पॉलिशनंतर आणि मेण वा कोटिंग लावण्यापूर्वी, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने एखादा भाग पुसून, दिवा टाकून दाखवण्यास सांगावे. खरे काम केलेला माणूस याला आनंदाने तयार होतो. ग्लेझ वापरणे हा गुन्हा नाही. पातळ झालेल्या जुन्या रंगावर, झीज टाळण्यासाठी, ओरखडे मुद्दाम नुसते झाकावेत असे सांगून ते केले तर तो शहाणपणाचा सल्ला आहे. न सांगता केले तर मात्र ती फसवणूक होते.

कोटिंगच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकायुक्त द्रव्याचा एक-दोन मायक्रॉनचा थर. तो पाणी आणि मळ झटकून टाकण्यास मदत करतो, धुणे सोपे करतो. जाहिरातीतील ‘९एच’ हा आकडा पेन्सिलींच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे, खनिजांच्या मोह्झ मापातला नाही, आणि त्यामुळे कोटिंग लावले की ओरखडे पडणारच नाहीत ही समजूत निराधार आहे. ओरखडे खरोखर अडवते ती पीपीएफ नावाची पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, कारण तिची जाडी दीडशे-दोनशे मायक्रॉन असते. ती महाग आहे, आणि सर्व गाडीला न लावता पांदणीत घासणाऱ्या भागांना लावली तरी चालते. कोटिंग असो वा फिल्म, खालचे ओरखडे आधी काढले नाहीत तर ते तिच्याखाली जपून ठेवले जातात.

ज्या ओरखड्याला नवा रंगच हवा, तेथे निकष बदलतात. मेटॅलिक किंवा मोतिया छटेचा रंग गाडीवरील रंग-संकेतांकावरून बनवला तरी काही वर्षांच्या उन्हाने मूळ रंग बदललेला असतो, म्हणून चांगला पेंटर नवा रंग शेजारच्या भागात विरघळवत नेतो. कंपनीच्या केंद्रात बंद खोलीत फवारणी करून सुमारे ६० अंशांवर रंग भाजतात. उघड्या शेडमध्ये तेच काम करताना धूळ आणि कापसाचे तंतू ओल्या रंगावर बसतात, त्यामुळे निदान ओल्या जमिनीचे, पडदे लावलेले बंदिस्त ठिकाण आहे काय हे पाहावे. क्लियरकोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही रसायने असतात आणि त्यांच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी करणारा मुलगा हे दृश्य गावोगावी दिसते. योग्य मुखवटा पुरवणारे गॅरेज निवडणे हा गाडीमालकाच्या पसंतीचा प्रश्न असेल, पण त्या मुलाच्या दृष्टीने तो फुप्फुसांचा प्रश्न आहे, आणि ग्राहकाने तो विचारला तर गॅरेजमालक विचार करू लागतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत मोटारींच्या रंगकामाचा स्वतंत्र व्यवसाय आहे. तो शिकलेला कारागीर मिळाल्यास त्याला प्राधान्य द्यावे.

विम्याच्या बाबतीत थोडा हिशेब करावा. बारीक ओरखड्यांसाठी दावा करणे बहुधा तोट्याचे ठरते, कारण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १००० रुपयांची वजावट असते, साध्या पॉलिसीत रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि दावा केला की पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढणारी नो-क्लेम सवलत हातची जाते. काम बिघडले तर मात्र मार्ग आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. त्यासाठी लेखी दर, कोणत्या भागावर काय करणार याची नोंद, कामापूर्वीची छायाचित्रे आणि बिल हवे. बिल नको म्हणून थोडी सूट घेणारा ग्राहक हा हक्क स्वतःच्या हाताने कमी करून घेतो.

अखेर सर्वांत चांगला कारागीर कोणता, याचे उत्तर पुष्कळांना रुचणार नाही. सगळे ओरखडे काढून देतो म्हणणाऱ्यापेक्षा, ‘हे निघतील, हे अंधुक होतील, आणि हे दोन राहू द्या’ असे दिवा धरून सांगणारा कारागीर अधिक विश्वासाचा, कारण त्याला पुढच्या दहा उन्हाळ्यांची काळजी आहे. असा माणूस धामणगावात असेल तर त्याला त्याच्या मागणीप्रमाणे पैसे द्यावेत, त्याचे नाव चार जणांना सांगावे, आणि या दिवाळीत गाडीवर यंत्र फिरवून घेण्यापूर्वी घरातले कोरडे फडके तेवढे बाजूला ठेवावे.